पाणी इन्सुलेटर असतं, फक्त घाई करायला हवी

"तेलाची ब्रेकडाउन स्ट्रेंग्थ किती धरू?" असं कोणी विचारलं की मी हल्ली उत्तर द्यायच्या आधी उलट तीन प्रश्न विचारतो आणि समोरचा वैतागतो. व्होल्टेज किती वेळ राहणार आहे? इलेक्ट्रोड केवढा आहे? आणि प्लस बाजू कुठली? लोकांना एक आकडा हवा असतो, केव्ही पर मिमी, म्हणजे मिलिमीटरमागे किती हजार व्होल्टला द्रव फुटून ठिणगी पडते, तो एक्सेलमध्ये टाकायचा, वर सेफ्टी फॅक्टर लावायचा आणि पुढे जायचं. पण द्रव इन्सुलेटरच्या बाबतीत असा एक आकडा नसतोच, म्हणजे छापलेला असतो सगळीकडे, पण तो त्या द्रवाचा नसून त्या टेस्टचा असतो. हे एकदा नीट लिहून काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं, तर घ्या.

आधी नेहमीची टेस्ट बघू. ट्रान्सफॉर्मर ऑइलचा बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज) काढतात तो आयईसी ६०१५६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, म्हणजे कपात तेल घ्यायचं, त्यात २.५ मिमी अंतरावर दोन इलेक्ट्रोड, गोल किंवा मशरूमसारखे, तेल थोडा वेळ स्थिर होऊ द्यायचं, मग सेकंदाला २ केव्ही या दराने व्होल्टेज वाढवत न्यायचं आणि ठिणगी पडली की आकडा नोंदवायचा. दोन मिनिटं थांबून परत. असं सहा वेळा, आणि सहाची सरासरी. न गाळलेलं तेल ३० केव्हीच्या आसपास देतं, नीट गाळून-सुकवून घेतलेलं ७० पर्यंत जातं. आता यात एक गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही, की ६० केव्हीपर्यंत पोचायला अर्धा मिनिट लागतो. ५० हर्ट्झवर अर्धा मिनिट म्हणजे १५०० सायकल. एवढ्या वेळात त्या कपामध्ये बरंच काही घडून जातं.

काय घडतं? तेलात कागदाचे, प्रेसबोर्डचे (दाबून केलेल्या जाड पुठ्ठ्याचे) बारीक तंतू तरंगत असतातच, कितीही गाळा, काही ना काही उरतंच. कोरडा तंतू फारसा त्रास देत नाही, पण ओला झाला की त्याची परमिटिव्हिटी (विद्युत क्षेत्रात एनर्जी साठवायची क्षमता) तेलापेक्षा खूप जास्त होते आणि असा कण फील्ड (विद्युत क्षेत्र) जिथे सगळ्यात जास्त आहे तिकडे ओढला जातो. एसी असला तरी ओढला जातो, कारण हे बल फील्डच्या वर्गावर चालतं, दिशा पालटली तरी फरक पडत नाही. मग एकामागे एक तंतू येऊन गॅपमध्ये रांग लावतात, दोन इलेक्ट्रोडमध्ये पूल तयार होतो आणि त्या पुलावरून ब्रेकडाउन. म्हणजे आपण जो आकडा 'तेलाची स्ट्रेंग्थ' म्हणून रिपोर्टवर लिहितो तो बहुतेक वेळा तेलात तरंगणाऱ्या ओल्या कचऱ्याचा आकडा असतो. यात टेस्टचं चुकलं असं अजिबात नाही, ती टेस्ट त्यासाठीच आहे, तेल स्वच्छ आणि कोरडं आहे का एवढंच तिला सांगायचं असतं, आणि ते ती छान सांगते. तो आकडा उचलून डिझाइनमध्ये घालणाऱ्यांचं चुकतं.

ओलाव्याचंही तसंच. रिपोर्टवर पाण्याचं पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) लिहिलेलं असतं आणि सगळे त्या पीपीएमवर भांडतात, पण बीडीव्ही ठरतो तो तेलात मावेल त्याच्या किती टक्के पाणी भरलंय यावर. खनिज तेलात साधारण २० अंशाला ५५ पीपीएमच्या आसपास पाणी विरघळू शकतं, ६० अंशाला त्याच्या तीन-चार पट. म्हणजे चालू गरम ट्रान्सफॉर्मरमध्ये २५ पीपीएम पाणी काहीच नाही, तेच तेल रात्री थंड झालं की जवळजवळ अर्धं भरलेलं, आणि तंतू ते पाणी शोषून बसलेले. गरम नमुना काढून थंड करून टेस्ट केला की आकडा पडतो आणि मग फोनाफोनी सुरू होते. असो.

आता खरी मजा. समजा व्होल्टेज अर्धा मिनिट नाही, फक्त १०० नॅनोसेकंद लावायचंय. पल्स्ड पॉवर म्हणतात त्या दुनियेत हेच असतं, म्हणजे दोन-एक मिनिटं निवांत कॅपॅसिटर चार्ज करायचे आणि ती सगळी एनर्जी सेकंदाच्या कोट्यंशात एका जागी ओतायची, एक्स-रेचा झगमगाट पाडायला, इलेक्ट्रॉन बीम काढायला किंवा बारीक तारांचा पिंजरा चिरडून प्लाझ्मा करायला. १०० नॅनोसेकंदात तंतू हलणार किती? जागेवरून सरकत पण नाही. पूल बांधणं वगैरे विसराच. म्हणजे ज्या कारणाने आपला कपातला नमुना फुटत होता ते कारणच शिल्लक राहत नाही. गढूळ तेल आणि स्वच्छ तेल यांच्यातला फरक इथे बराच कमी होतो, हे ट्रान्सफॉर्मरवाल्यांना सांगितलं की त्यांना खोटं वाटतं.

मग फुटतं कशाने? इथे पुस्तकांमध्ये तीन-चार थिअरी शेजारी शेजारी दिलेल्या असतात, जणू त्यातली एक निवडायची आहे. एक म्हणते इलेक्ट्रोडमधून इलेक्ट्रॉन निघतो आणि गॅसमध्ये होतो तसा ॲव्हलांच, म्हणजे एकातून अनेक इलेक्ट्रॉन सुटत जाणारा लोंढा, होतो. दुसरी म्हणते आधी बुडबुडा हवा. माझं मत बुडबुड्याच्या बाजूने झुकतं, कारण पुरावा सरळ आहे, तेलावर किंवा पाण्यावर प्रेशर वाढवलं की ब्रेकडाउन व्होल्टेज वाढतं. द्रव तर दाबला जात नाही म्हणावं इतका कमी दाबला जातो, इलेक्ट्रॉनला त्या प्रेशरचं काय पडलंय, मग फरक कोणाला पडतो? गॅसला. म्हणजे कुठेतरी वाफेचा किंवा हवेचा टप्पा मध्ये आहे. आणि पल्स जसजसा छोटा करत जाल तसतसा प्रेशरचा परिणामही कमी होत जातो, कारण बुडबुडा फुगायलाही वेळ लागतो. म्हणजे थिअरी एकमेकींच्या विरोधात नाहीत, घड्याळावर वेगवेगळ्या जागी बसलेल्या आहेत. सेकंदांमध्ये तंतू, मायक्रोसेकंदात बुडबुडे, आणि त्याहून खाली गेलं की इलेक्ट्रोडच्या टोकाजवळचा फील्ड आणि इलेक्ट्रॉन.

आधीपासून असलेला बुडबुडा मात्र कुठल्याही पल्सला वाईटच. त्याचं गणित अगदी सोपं आहे. द्रवात गोल बुडबुडा असेल तर त्याच्या आतला फील्ड बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, तेलात साधारण १.२ पट आणि पाण्यात जवळजवळ १.५ पट. आणि आतल्या हवेची ताकद सेंटीमीटरला ३० केव्हीच्या आसपास, म्हणजे द्रवाच्या मानाने काहीच नाही. आडव्या कंडक्टरच्या खालच्या बाजूला बुडबुडे जाऊन चिकटून बसतात, वर जायला वाट नसते त्यांना, म्हणून अनुभवी लोक टाकीतल्या गोष्टी जरा तिरक्या लावतात किंवा हवा निघायला भोक ठेवतात. ड्रॉइंगमध्ये ही भोकं बघून नवीन माणूस विचारतो, हे कशाला. यासाठीच.

या सगळ्याला आकड्यात बसवलं ते चार्ली मार्टिनने. जे. सी. मार्टिन, इंग्लंडमधल्या ऑल्डरमास्टनच्या अण्वस्त्र संशोधन केंद्रात होता. १९६० च्या दशकात त्याच्या टोळीने फ्लॅश एक्स-रे साठी मशीन बांधायला घेतली आणि त्या नादात हवा, तेल, पाणी, प्लास्टिक, जे मिळेल ते फोडून बघितलं. त्याने काढलेलं सूत्र आजही सगळे वापरतात आणि ते इतकं साधं आहे की पहिल्यांदा बघताना शंका येते. फील्ड घ्या, मेगाव्होल्ट पर सेंटीमीटरमध्ये. त्याला वेळेच्या घनमुळाने गुणा, वेळ मायक्रोसेकंदात. मग इलेक्ट्रोडच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या मुळाने गुणा, क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये. उत्तर एक स्थिर आकडा. ट्रान्सफॉर्मर तेलाला ०.५. पाण्याला प्लस इलेक्ट्रोडवर ०.३ आणि मायनस इलेक्ट्रोडवर ०.६. झालं. वेळ म्हणजे पूर्ण पल्स नाही हां, व्होल्टेज शिखराच्या ६३ टक्क्यांच्या वर जेवढा वेळ असतं तेवढाच.

एक उदाहरण करून बघू. १००० चौरस सेंटीमीटरचा इलेक्ट्रोड, त्याचं दहावं मूळ जवळजवळ २ येतं, म्हणून हा आकडा सगळ्यांचा लाडका. १ मायक्रोसेकंदासाठी तेल धरेल २५० केव्ही पर सेंटीमीटर. पाणी प्लस बाजूला १५०, मायनस बाजूला ३००. वेळ एक अष्टमांश केला की सगळे आकडे दुप्पट. क्षेत्रफळ दहापट केलं की फील्ड साधारण २० टक्क्यांनी खाली आणावा लागतो.

हे क्षेत्रफळाचं प्रकरण लोकांच्या पचनी पडत नाही. फील्ड तोच, द्रव तोच, पल्स तोच, मग इलेक्ट्रोड मोठा केला तर फुटायचं कारण काय? कारण फुटायला एकच वाईट जागा पुरते. कुठेतरी एखादा सूक्ष्म खडबडीत ठिपका, एखादा अडकलेला बुडबुडा, आणि पृष्ठभाग जितका मोठा तितकी त्यावर खरोखर वाईट जागा असण्याची शक्यता जास्त. दहावं मूळ हे काही जादूने आलेलं नाही, एकेका ब्रेकडाउनचे आकडे साधारण १२ टक्क्यांनी इकडेतिकडे पसरतात आणि त्या पसरण्यातूनच ते मूळ निघतं. म्हणजे सूत्रातला तो भाग फिजिक्सपेक्षा स्टॅटिस्टिक्स आहे. मला हे फार आवडतं, कारण प्लाझ्मा-बिझ्माची मोठमोठी सिम्युलेशन चालवून जे निघत नव्हतं ते या माणसाने आकड्यांचा पसारा बघून काढलं.

आता इथे परत कपातल्या टेस्टकडे या. ७० केव्ही आरएमएस (एसीची परिणामी सरासरी) म्हणजे शिखर ९९ केव्ही, अंतर २.५ मिमी, म्हणजे फील्ड जवळजवळ ४०० केव्ही पर सेंटीमीटर. आणि मार्टिनचं सूत्र मोठ्या इलेक्ट्रोडला १ मायक्रोसेकंदासाठी म्हणतंय २५०. अर्धा मिनिट लावून जास्त आणि एक मायक्रोसेकंद लावून कमी? उलटं नको का? नको, कारण कपात खरा ताण सहन करणारा इलेक्ट्रोडचा भाग नखाएवढा असतो आणि गॅप २.५ मिमीची. छोट्या गॅपमधलं तेल मिमीमागे नेहमीच जास्त धरतं. म्हणूनच ट्रान्सफॉर्मरमध्ये मोठी तेलाची जागा प्रेसबोर्डचे पडदे घालून छोट्या छोट्या गॅपमध्ये वाटून टाकतात, आणि म्हणूनच डिझाइन करणारा त्या ४०० च्या आसपास सुद्धा फिरकत नाही. शिवाय सूत्राची स्वतःची हद्द आहे, काही दहा नॅनोसेकंदांपासून काही मायक्रोसेकंदांपर्यंत. ते ताणून १ सेकंदावर न्याल तर तेल सेंटीमीटरला फक्त २.५ केव्ही धरेल असं उत्तर येईल, म्हणजे हवेपेक्षाही बारापट वाईट. सूत्राला तंतूबिंतू माहीत नाहीत आणि मायक्रोसेकंदाच्या पलीकडचं जगही माहीत नाही.

बरं, पाणी. पाणी इन्सुलेटर म्हणून वापरतात हे ऐकून घरच्यांपासून इलेक्ट्रिशियनपर्यंत सगळे माझ्याकडे एकाच नजरेने बघतात. पण विचार करा, कंडक्टर म्हणजे काय आणि इन्सुलेटर म्हणजे काय हे पण वेळेवरच ठरतं. कुठल्याही पदार्थात चार्ज विरून जायला एक ठराविक वेळ लागतो, परमिटिव्हिटी गुणिले रेझिस्टिव्हिटी (करंटला अडवायची ताकद). नळाच्या पाण्याला हा वेळ दहा-वीस नॅनोसेकंद असतो, म्हणजे त्याला कंडक्टर म्हणणं योग्यच आहे. पण आयन काढून टाकलेलं डीआय पाणी, १८ मेगाओहम सेंटीमीटरचं, त्याला हा वेळ साधारण १३० मायक्रोसेकंद. १ मेगाओहमचं असलं तरी ७ मायक्रोसेकंद. तुम्ही जर १ मायक्रोसेकंदात चार्ज करून पुढच्या १०० नॅनोसेकंदात वापरून मोकळे होणार असाल, तर पाण्याला आपण कंडक्टर आहोत हे आठवायला सवडच मिळत नाही.

आणि बदल्यात काय मिळतं बघा. पाण्याची परमिटिव्हिटी ८०, तेलाची २.२. साठणारी एनर्जी परमिटिव्हिटी गुणिले फील्डचा वर्ग याच्या निम्मी. वरचेच आकडे घाला, तेल २५० केव्ही पर सेंटीमीटरला लिटरमागे ६ ज्युल साठवतं, पाणी फक्त १५० ला लिटरमागे ८०. कमी फील्ड धरूनही तेरापट. हवा ३० केव्हीला लिटरमागे ०.०४ ज्युल, तिचं तर बोलायलाच नको.

दुसरा फायदा लांबीचा. पल्स फॉर्मिंग लाईन म्हणजे चार्ज केलेली कोॲक्सिअल नळी (नळीच्या आत नळी), ती लोडवर सोडली की लाट टोकापर्यंत जाऊन परत येईपर्यंत पल्स मिळतो. पाण्यात ही लाट प्रकाशाच्या एक नवमांश वेगाने जाते, नॅनोसेकंदाला ३.३ सेंटीमीटरच्या आसपास. तेलात २० सेंटीमीटर. १०० नॅनोसेकंदाचा पल्स हवा तर पाण्याची लाईन पावणेदोन मीटरपेक्षा थोडी कमी, तेलाची १० मीटर. ज्याला मशीन एका हॉलमध्ये बसवायचंय त्याला हा फरक लगेच समजतो.

आणि तिसरं इम्पिडन्स, म्हणजे लाईनमधल्या व्होल्टेज आणि करंटचं गुणोत्तर, जे खरं तर निवड ठरवतं. कोॲक्सिअल लाईनमध्ये बाहेरच्या आणि आतल्या व्यासाचं गुणोत्तर १.६५ ठेवलं की ठराविक फील्डला सगळ्यात जास्त एनर्जी साठते. त्या गुणोत्तराला पाण्याच्या लाईनचा इम्पिडन्स येतो ३.३ ओहम, तेलाच्या लाईनचा २०. करंट खूप हवा, प्लाझ्मा पिळायचाय, तर पाणी. व्होल्टेज जास्त हवं, करंट बेताचा चालेल, एक्स-रे काढायचेत, तर तेल. लोक या दोन्हीमध्ये 'कोण जास्त केव्ही धरतं' यावर वाद घालतात, पण प्रत्यक्षात निवड बहुतेक वेळा या ओहमवर होते आणि केव्ही नंतर सांभाळून घेतात.

सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेचं झेड मशीन बघा, अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये अल्बुकर्कीला. त्यात दोन्ही आहेत. बाहेरच्या वर्तुळात तेलाची टाकी, त्यात ३६ मार्क्स जनरेटर (कॅपॅसिटर शेजारी शेजारी चार्ज करून मग एकापुढे एक जोडून व्होल्टेज चढवणारे). ते मिनिट-दोन मिनिटं चार्ज होतात, म्हणजे तिथे द्रवाला ताण बराच वेळ सोसायचाय, पाणी चालणारच नाही, तेलच हवं. मग मार्क्स साधारण मायक्रोसेकंदात आपली एनर्जी पुढच्या टप्प्याला देतात, तिथून पाणी सुरू. आणि अगदी मध्यभागी व्हॅक्यूम. २ कोटी ज्युलच्या आसपास साठवलेली एनर्जी, २००७ च्या दुरुस्तीनंतर २.६ कोटी अँपिअरपर्यंत करंट. बाहेरून आत जाताना वेळ आखडत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर त्या वेळेला जो इन्सुलेटर परवडतो तो घातलाय. अंधारात पाण्याच्या पृष्ठभागावरून विजेच्या जाळ्या धावतायत असा त्याचा एक फोटो सगळीकडे फिरत असतो, तो बघून लोकांना वाटतं काहीतरी भयंकर बिघडलंय. झेडमध्ये पाण्यातली ठिणगी हा बिघाड नसतो, ती स्विच असते. दोन इलेक्ट्रोड पाण्यात ठेवायचे, अंतर असं की व्होल्टेज शिखराच्या जवळ आलं की पाणी आपोआप फुटेल. जो ब्रेकडाउन इतर सगळीकडे टाळायचा तोच इथे ठरलेल्या वेळेला घडवून आणायचा.

पाण्याचं दुखणं म्हणजे त्याची देखभाल. १८ मेगाओहमचं पाणी उघड्यावर ठेवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि ते निमूटपणे १ मेगाओहमच्या आसपास येऊन बसतं, म्हणून आयन शोषणाऱ्या रेझिनमधून सतत फिरवत ठेवायला लागतं, हवा काढून टाकायला लागते, आणि धातूच्या पाइपला शक्यतो फाटा द्यायला लागतो. ज्यांना चार्जिंगला जास्त वेळ लागतो त्यांनी इथिलीन ग्लायकॉल आणि पाण्याचं मिश्रण थंड करून वापरलेलं आहे, थंडीत आयन सुस्तावतात, रेझिस्टिव्हिटी वाढते आणि चार्ज विरायचा वेळ लांबतो. परमिटिव्हिटी थोडी जाते, पण सौदा बरा आहे.

०.३ आणि ०.६ च्या फरकाबद्दल पण दोन ओळी. पाण्यात प्लस बाजूने निघणारा स्ट्रीमर (ब्रेकडाउनच्या आधी इलेक्ट्रोडवरून उगवणारी फांदीसारखी वाट) लवकर सुटतो, मायनस बाजू दुप्पट फील्ड सोसते. कोॲक्सिअल लाईनमध्ये आतल्या नळीवर फील्ड जास्त असतो, बाहेरच्यावर कमी. मग आतली नळी मायनस करायची, म्हणजे जास्त फील्ड जिथे आहे तिथे पाण्याची दणकट बाजू आणि कमी फील्ड जिथे आहे तिथे नाजूक बाजू. फुकटात मिळणारा फायदा आहे, चार्जिंग सप्लायची दिशा आधीच ठरवली तर. मशीन बांधून झाल्यावर आठवलं तर मात्र अजिबात फुकट नाही.

आता स्ट्रीमरवर येतो, कारण सध्या जो खनिज तेलाऐवजी वापरायच्या एस्टर तेलांचा (वनस्पती तेलापासूनची किंवा सिंथेटिक) गाजावाजा चाललाय त्याचं उत्तर तिथे आहे. द्रवात ब्रेकडाउन एका झटक्यात होत नाही. आधी एका टोकाला बारीक झाडासारखं काहीतरी उगवतं, फांद्या फुटत पुढे सरकतं, हाय स्पीड कॅमेऱ्याने सावलीचे फोटो घेतले की स्पष्ट दिसतं. आणि याचे गिअर असतात. खनिज तेलात प्लस स्ट्रीमरचा सगळ्यात हळू गिअर सेकंदाला १०० मीटरच्या आसपास, दुसरा काही किलोमीटर, तिसरा १० किलोमीटरच्या आसपास, आणि चौथा १०० किलोमीटर किंवा वर. दुसऱ्या गिअरमध्ये, समजा २ किलोमीटर पर सेकंद, १० सेंटीमीटरची गॅप ओलांडायला ५० मायक्रोसेकंद लागतात. विजेच्या कडकडाटाची जी स्टँडर्ड इम्पल्स लाट असते ती १.२ मायक्रोसेकंदात चढते आणि ५० मायक्रोसेकंदात अर्ध्यावर येते. म्हणजे स्ट्रीमर पलीकडे पोचेपर्यंत त्याला ढकलणारं व्होल्टेजच अर्धं झालेलं असतं आणि तो बऱ्याचदा मध्येच मरतो. पण चौथा गिअर पडला तर तेच १० सेंटीमीटर १ मायक्रोसेकंदात पार, व्होल्टेज उतरायच्या आत खेळ संपला.

खनिज तेलात हा चौथा गिअर पडायला बरंच जास्तीचं व्होल्टेज लागतं. एस्टरमध्ये, नैसर्गिक असो की सिंथेटिक, तो बराच लवकर पडतो. आता एस्टरचे गुण खरे आहेत, नैसर्गिक एस्टरचा फायर पॉइंट (ज्या तापमानाला तेल पेटून जळत राहतं तो) ३०० अंशांच्या वर, खनिज तेलाचा १७० च्या आसपास, शिवाय एस्टर जमिनीत सांडलं तर पचून जातं, आणि २० अंशाला १००० पीपीएमच्या आसपास पाणी पोटात घेऊ शकतं त्यामुळे तंतू कोरडे राहतात आणि कपातला बीडीव्ही मस्त येतो. आणि ब्रोशरमध्ये काय छापतात? कपातला बीडीव्ही. खनिज तेलाएवढा किंवा जास्तच. छापलेलं खोटं नाही, पण २.५ मिमीच्या गॅपमध्ये एसी लावून चौथ्या गिअरबद्दल काही कळणं शक्य नाही, आणि मोठ्या व्होल्टेजच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये लांब गॅपवर इम्पल्स आली की नेमका तोच आडवा येतो. म्हणून छोट्या डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मरमध्ये एस्टर मजेत चालतं आणि वरच्या व्होल्टेजच्या क्लासमध्ये डिझाइन बदलून, पडदे वाढवून, गॅप छोट्या करून घालायला लागतं. 'तेल काढा, एस्टर भरा, झालं' असं सांगणाऱ्याला लांब गॅपचा इम्पल्स डेटा मागा, चेहरा बघण्यासारखा होतो.

यात एक गंमत आहे जी मला अजूनही विचित्र वाटते. अगदी शुद्ध केलेल्या पांढऱ्या तेलात फास्ट गिअर लवकर पडतो, आणि त्यात सहज आयनाइज होणारी ॲरोमॅटिक (बेंझिनसारख्या कड्यांची) संयुगं थोडी टाकली की तो उशिरा पडतो. म्हणजे सहज फुटणारी गोष्ट घातली आणि तेल दणकट झालं! कारण असं की स्ट्रीमरला फांद्या फुटणं सोपं होतं, खूप फांद्या फुटतात, त्या एकमेकींच्या टोकावरचा फील्ड झाकून टाकतात आणि कोणालाच एकटीला पुढे पळायला पुरेसा फील्ड मिळत नाही. साध्या खनिज तेलात ही ॲरोमॅटिक जात्याच असतात. रिफायनरीतून ती पूर्ण काढून तेल 'शुद्ध' करण्याचा हट्ट इम्पल्सच्या बाबतीत उलटा पडतो.

ब्रेकडाउन झाल्यावर काय उरतं तेही द्रवागणिक वेगळं. द्रव आपोआप भरून येतो हा त्याचा मोठेपणा, सॉलिड एकदा फुटलं की फेकून द्यायचं. पण तेलात प्रत्येक ठिणगी थोडा कार्बन आणि गॅस मागे ठेवते, त्यातला ॲसिटिलीन दिसला की समजायचं आत आर्क झालाय, कारण तो ७०० अंशांच्या खाली सहसा बनत नाही. पाणी काळं होत नाही, त्याचा प्रश्न वेगळा, ठिणगीची नळी इतक्या जोरात फुगते की शॉक वेव्ह तयार होते आणि ती टाकी, बोल्ट, प्लास्टिकचे आधार, सगळ्यांना ठोकते. याच धक्क्याचा उपयोग करून १९८० मध्ये म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसाचा मुतखडा बाहेरून फोडला, डॉर्निअरच्या मशीनने, पाण्यात ठिणगी आणि एका वाटीसारख्या आरशाने धक्का मूत्रपिंडावर केंद्रित.

आणि दगड फोडायचा याहून भन्नाट प्रकार आहे, त्यात तर वेळेचा सगळा खेळ उघडा पडतो. पाण्यात दगड ठेवा आणि दोन इलेक्ट्रोड दगडाला टेकवा. व्होल्टेज हळू चढवलं तर ठिणगी पाण्यातून जाते, कारण पाणी दगडापेक्षा कमजोर. तेच व्होल्टेज साधारण ५०० नॅनोसेकंदांच्या आत चढवलं तर पाणी दगडापेक्षा दणकट ठरतं आणि ठिणगी पाणी सोडून दगडाच्या पोटातून जाते, दगड आतून फुटतो, आणि तोही खनिजांच्या कणांच्या सीमांवरून, त्यामुळे आतले स्फटिक बऱ्यापैकी अख्खे निघतात. रशियात टॉम्स्कला वोरोब्योव्ह आणि त्यांच्या लोकांनी हे गेल्या शतकाच्या मध्यापासून करून दाखवलंय, आणि आज यावर खडक ड्रिल करण्यापासून जुनं काँक्रीट खडी-सिमेंट वेगळं करण्यापर्यंत कामं चालतात. तिथल्या कुठल्याही पेपरमधला पहिला ग्राफ उघडा, आडव्या अक्षावर वेळ असतो, उभ्यावर फील्ड, आणि पाण्याची आणि दगडाची रेघ मध्ये एका जागी एकमेकींना ओलांडून जाते. मला "किती धरू" विचारणाऱ्यांना मी हल्ली तोच ग्राफ पाठवतो, खाली लिहितो की आडवा अक्ष आधी भरून पाठवा.